घरापासून दूरचा नाताळ

(आगमनकाळातील समूहसभांसाठी पाठ. वाचने : लूक २:१-७; मार्क १०:२८-३०; २ तीमथ्य ४:९-२१)



आगमनकाळ लागला की आपल्या धर्मग्रामातील सगळी घरे एकसारखीच दिसू लागतात. ओटीवर चांदणी लागते, मुले गव्हाणीसाठी पेंढा गोळा करतात, स्वयंपाकघरात करंज्यांचे सारण भाजले जाते. पण त्यांतली काही घरे अशी आहेत, की तिथला मुलगा किंवा मुलगी यंदाही नाताळला घरी नसणार. कुणी धर्मगुरू म्हणून ईशान्य भारतात आहे, कुणी धर्मभगिनी म्हणून आफ्रिकेत आहे, कुणी प्रशिक्षणाच्या पहिल्याच वर्षात आहे. त्या घरची माणसे मध्यरात्रीच्या मिस्साला येतात, सर्वांशी हात मिळवतात आणि 'यंदाही नाही का आला?' ह्या प्रश्नाला हसून उत्तर देतात.

अशा कुटुंबांना आपण सहसा एकच वाक्य ऐकवतो : देवाच्या कामाला गेलेल्याला कसली आली आहे उणीव? वाक्य चांगल्या मनाने म्हटलेले असते. आम्हांला मात्र ते पटत नाही, आणि पवित्र शास्त्रालाही ते मान्य असावे असे दिसत नाही. उणीव असते. घरच्यांना असते आणि गेलेल्यालाही असते. मिशनरी द्यायला जातो हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नाताळच्या दिवशी मात्र त्याला घ्यावे लागते, तेही अनोळखी माणसांकडून; आणि घेणे हे देण्याहून पुष्कळदा अवघड असते. ह्या आठवड्याच्या समूहसभेत आपण ह्याच गोष्टीचा विचार करू या.

बेथलेहेममध्ये जागा कोणी दिली?

पहिला नाताळ घरापासून दूरच झाला, हे आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकले आहे. नाझरेथ ते बेथलेहेम हे अंतर शंभर किलोमीटरहून अधिक. मरियेचे दिवस भरत आलेले. बादशहाच्या हुकुमापुढे इलाज नव्हता. पुढे मत्तयच्या शुभवर्तमानात हेच कुटुंब रातोरात मिसर देशाला निघते. हे सारे परिचित आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

एका शब्दाकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. 'उतारशाळेत जागा नव्हती' असे आपण वाचतो आणि डोळ्यांसमोर एक खडूस धर्मशाळावाला उभा राहतो. आपल्या मुलांच्या नाटुकल्यांत तर त्याला हमखास भूमिका असते! लूकने मात्र अशा कोणाचाही उल्लेख केलेला नाही. त्याने वापरलेला ग्रीक शब्द आहे 'कतालुमा'. हाच शब्द तो पुढे २२:११ मध्ये वापरतो, तिथे तो प्रभूने शिष्यांसह शेवटचे भोजन घेतले त्या पाहुण्यांच्या खोलीसाठी आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात खरोखरीची खाणावळ-धर्मशाळा येते, तिथे लूकचा शब्द वेगळा आहे. म्हणून अनेक अभ्यासकांचे म्हणणे असे, की बेथलेहेममधील एखाद्या घराची पाहुण्यांची खोली आधीच भरलेली होती, आणि घरच्यांनी त्या जोडप्याला जनावरे बांधण्याच्या भागात सोय करून दिली. त्या काळी गरिबांच्या घरात माणसे आणि जनावरे एकाच छपराखाली असत. आपल्या आजोबांच्या वेळी आपल्याकडे तरी काय निराळे होते?

असे वाचले तर गव्हाणीकडे पाहण्याची आपली दृष्टी थोडी बदलते. घर भरलेले असूनही कोणीतरी आत घेतले. त्या माणसाचे नाव शुभवर्तमानात नाही. पण देवपुत्राने पृथ्वीवर आल्या आल्या पहिली गोष्ट केली ती ही, की अनोळखी माणसाने दिलेली जागा घेतली.

'हिवाळ्यापूर्वी ये'

संत पौल म्हटला की आपल्याला तलवार हाती घेतलेला, दीर्घ पत्रे लिहिणारा, वादळांना न जुमानणारा प्रेषित आठवतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवट वाचा. (हा भाग सभेत कोणीतरी मोठ्याने आणि सावकाश वाचावा.) पौल तुरुंगात आहे. एक सोबती सोडून गेला आहे, दुसरे कामानिमित्त पांगले आहेत, जवळ एकटा लूक उरला आहे. आणि हा प्रेषित काय मागतो? त्रोवस येथे कार्पाच्या घरी राहिलेला झगा आण, पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे आण. लवकर ये, असे तो एकदा सांगतो आणि काही ओळींनंतर पुन्हा सांगतो, की हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर.

थंडी वाजते, म्हणून झगा हवा आहे. एकटे वाटते, म्हणून माणूस हवे आहे. पौलाने हे लपवले नाही. हीच तऱ्हा त्याच्या इतर पत्रांत दिसते. फिलिप्पैच्या मंडळीने थेस्सलनीका येथे आपली गरज पुन्हापुन्हा भागवली, ह्याची तो आठवण ठेवतो. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात रूफसाच्या आईला नमस्कार सांगताना ती आपल्यालाही आईच झाली, असे तो नमूद करतो. त्या बाईने नेमके काय केले ते आपल्याला ठाऊक नाही. बहुधा जेवू घातले असावे, कपडे धुऊन दिले असावेत, आजारपणात उशाशी बसली असावी. प्रेषिताला आई लागते, आणि परगावी ती मिळूही शकते.

प्रभूने पेत्राला दिलेले वचनही ह्याच प्रकारचे आहे. घर, बहीणभाऊ, आई, बाप, मुले, शेते सोडणाऱ्याला शंभरपट मिळेल, आणि तेही ह्याच काळी. मार्कमधील ह्या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. सोडलेल्यांच्या यादीत बाप आहे. मिळणाऱ्यांच्या यादीत घरे, भाऊ, बहिणी, आया, मुले, शेते सर्व आहेत, पण बाप नाही. कारण आपला पिता एकच, असा अर्थ भाष्यकार लावतात. आणि मिळणाऱ्यांच्या यादीच्या शेवटी प्रभू दोन शब्द जोडतो : छळणुकीसह. म्हणजे शंभरपट मिळते, पण ते फुकट किंवा सुखासुखी मिळते असे वचन नाही.

एक आपल्यातून गेला, एक आपल्याकडे आला

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया साधारण पंधरा वर्षांचे असताना येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. पुढे ते व्यापारात पडले, मनिला येथे फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि १५९३ मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपानला परतले. क्योतो शहरात त्या फ्रान्सिस्कनांनी कुष्ठरोग्यांची सेवा आरंभली. १५९६ च्या डिसेंबरात त्यांच्या मठाला सैनिकांचा पहारा बसला. त्या वर्षीचा नाताळ त्यांनी त्या पहाऱ्यातच काढला, आणि तो त्यांचा शेवटचा नाताळ ठरला. जानेवारीच्या आरंभी क्योतोच्या रस्त्यात सर्वांचे डावे कान छाटण्यात आले. मग भर थंडीत नागासाकीपर्यंतची वाट, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रूस.

दरवर्षी फेब्रुवारीत आपण त्यांचा सण करतो तेव्हा क्रुसाची गोष्ट सांगतो. आज त्या वाटचालीतली दुसरी एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्या सव्वीस हुतात्म्यांमध्ये थोमास कोझाकी नावाचा चौदा वर्षांचा जपानी मुलगा होता, आणि त्याचा बापही त्याच रांगेत चालत होता. वाटेत एका मुक्कामी त्या पोराने आईला निरोपाचे पत्र लिहिले. पत्र आईपर्यंत धाडता आले नाही. ते बापाच्या कपड्यांत, रक्ताने माखलेले सापडले. मिशनची किंमत गेलेलाच मोजतो असे नाही. मागे राहिलेली आईही ती मोजते.

गोन्सालो जपानमध्ये होते त्याच सुमारास उलट्या दिशेने एक माणूस आपल्याकडे आला. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे येशूसंघीय. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन सोडून २४ ऑक्टोबरला ते गोव्यात उतरले. १० नोव्हेंबरला त्यांनी लंडनमधील वडिलांना प्रवासाची हकिकत कळवणारे लांबलचक पत्र लिहिले. उतरून तीन आठवडेही झाले नव्हते! त्यांच्या मायदेशी तेव्हा राणी एलिझाबेथ पहिली हिच्या राज्यात मिस्सा अर्पण करणे गुन्हा होता. घरी असते तरी नाताळची मिस्सा चोरूनच करावी लागली असती, असे हे घर.

फादर स्टीफन्स परत गेले नाहीत. साष्टीच्या गावांत राहून ते १६१९ मध्ये गोव्यातच वारले. १५७९ पासून १६१८ पर्यंत मोजले तर चाळीस नाताळ होतात. ह्या चाळीस नाताळांत त्यांनी केले काय, तर आजूबाजूच्या माणसांची भाषा घेतली. १६१६ मध्ये छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'तील सुमारे अकरा हजार ओव्या म्हणजे ह्या घेण्याची पावती आहे. बेथलेहेमची कथा त्यांनी मराठीत सांगितली, ती इथल्या ऐकणाऱ्यांच्या कानाला ओळखीची वाटेल अशी. आम्हांला वाटते, परक्या भाषेत जन्मकथा सांगता येण्याइतका जो रुळला, त्याचे घर थोडेफार इथेच झाले असणार. पण लंडनची आठवण गेली असेल का? वडिलांना धाडलेले ते पत्र वाचणाऱ्याला तसे वाटत नाही.

तामनरासेत, २५ डिसेंबर १९०७

आता ज्यांच्यासाठी हा पाठ मुख्यत्वे लिहीत आहोत त्यांच्याकडे येऊ. संत चार्ल्स द फूको. पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांना १५ मे २०२२ रोजी संतपद बहाल केले. त्याच विधीत आपल्या भारताचे देवसहायम ह्यांनाही संत घोषित करण्यात आले, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांनी तो सोहळा दूरदर्शन संचावर पाहिला असेल; पण आपले सगळे लक्ष देवसहायमांकडे होते, आणि ते साहजिकच होते.

चार्ल्स ह्यांचा जन्म १८५८ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे झाला. सहा वर्षांचे होण्याआधीच आईवडील दोघेही गेले. आजोबांनी त्यांना आणि धाकट्या बहिणीला वाढवले. तारुण्यात श्रद्धा सुटली, सैन्यात गेले, पैसा उधळला, मग मोरोक्कोचा धाडसी शोधप्रवास केला. १८८६ च्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये ते श्रद्धेकडे परतले, आणि त्या परतीत मारी द बोंदी ह्या त्यांच्या मोठ्या चुलतबहिणीसारख्या आप्ताचा मोठा वाटा होता. १५ जानेवारी १८९० रोजी त्यांनी तिचा निरोप घेतला आणि ते ट्रापिस्ट मठात दाखल झाले. ती तारीख त्यांनी जन्मभर काळजाशी जपली. ज्याला आईबाप नाहीत त्याला घर सोडणे सोपे जात असेल, असे कोणाला वाटत असेल तर त्याने ह्या माणसाची पत्रे वाचावीत.

मठ, मग नाझरेथमध्ये एका मठाच्या दाराशी नोकर म्हणून तीन वर्षे, १९०१ मध्ये गुरुदीक्षा, मग सहारा वाळवंट. १९०५ च्या ऑगस्टमध्ये ते तामनरासेत येथे पोचले. आज अल्जेरियातील मोठे शहर असलेले हे ठिकाण तेव्हा वीसेक झोपड्यांची वस्ती होती. भोवती अहाग्गारचे खडकाळ डोंगर. राहणारे लोक तुआरेग, धर्माने मुस्लिम. १९०७ मध्ये त्यांच्यासोबत येण्यास निघालेला तरुण ब्रदर प्रकृती ढासळल्याने वाटेतूनच परतला. चार्ल्स एकटेच पुढे गेले.

इथे एक अडचण होती, ती आजच्या वाचकाला नीट समजावी लागेल. त्या काळच्या नियमानुसार मिस्साला साहाय्य करणारा एकही ख्रिस्ती माणूस हजर नसेल तर धर्मगुरूला मिस्सा अर्पण करता येत नसे. तामनरासेतमध्ये दुसरा ख्रिस्ती माणूस नव्हता. क्वचित कुणी फ्रेंच सैनिक वा प्रवासी तिथून गेला तर त्या दिवशी मिस्सा व्हायची. हे ठाऊक असूनही ते गेले. जिथे रोज मिस्सा करता येईल तिथे राहावे, की जिथे कोणी धर्मगुरू जातच नाही तिथे मिस्साविना राहावे, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला होता. पूर्वी त्यांनी पहिली बाजू घेतली असती. आता दुसरी घेतली.

मग नाताळ आला. वेदी होती, झगे होते, द्राक्षरस होता, धर्मगुरू होता. साहाय्याला कोणी आले नाही. त्या रात्री मिस्सा झाली नाही. १८८६ पासून मिस्साविना गेलेला त्यांचा हा पहिलाच नाताळ. बाहेर वस्तीत तो एक साधा दिवस होता. कोणी गाणी म्हटली नाहीत, कोणी दारात आले नाही. घरापासून दूरचा नाताळ ह्याहून अधिक रिकामा कसा असू शकेल, ते आम्हांला सुचत नाही. कुटुंब नाही, मंडळी नाही, आणि ज्याच्यासाठी हे सगळे सोडले त्याचे बलिदानही नाही.

त्या प्रदेशात तेव्हा दीड वर्षापासून पाऊस नव्हता. चारा नव्हता, म्हणून शेळ्या आटल्या होत्या. आणि तुआरेगांचे मुख्य अन्न म्हणजे दूध. चार्ल्स ह्यांनी आपल्याजवळचा साठा उपाशी मुलांना वाटून टाकला होता. जानेवारी १९०८ मध्ये ते स्वतःच कोसळले. जागेवरून हलता येईना, श्वास लागे, आपला शेवट आला असे त्यांना वाटले. ज्यांना शिकवावे, औषधे द्यावी, धान्य द्यावे म्हणून ते आले होते, त्याच लोकांनी मग काय केले, तर आसपासच्या कित्येक किलोमीटरांतल्या शेळ्या शोधल्या, जिच्या कासेत थोडेसे दूध उरले होते तिला पिळले आणि ते दूध आणून ह्या परक्या ख्रिस्ती माणसाला पाजले. दुष्काळात ते दूध त्यांनी स्वतःच्या पोरांच्या तोंडचे काढले होते, हे वेगळे सांगायला नको.

चार्ल्स जगले. आणि त्यांच्या चरित्रकारांपैकी अनेकांच्या मते इथून त्यांचे वागणे बदलले. आतापर्यंत ते यजमान होते. दार उघडायचे, वाटायचे, सर्वांचा भाऊ व्हायचे. आता ते पाहुणे झाले. त्यांनी तुआरेगांच्या भाषेचा कोश, त्यांच्या कविता, त्यांच्या म्हणी ह्यांवर पुढची वर्षे इतका कसून अभ्यास केला, की ते काम आजही अभ्यासकांना लागते. शेजाऱ्यांच्या बायका त्यांना औषध विचारायला येत, तसे तेही त्यांना शब्दांचे अर्थ विचारत.

जानेवारीच्या अखेरीस आणखी एक गोष्ट घडली. पोप पायस दहावे ह्यांनी त्यांना एकट्याने मिस्सा अर्पण करण्याची परवानगी दिल्याचे वृत्त वाळवंट पार करून पोचले. नाताळनंतर महिन्याभराने!

१ डिसेंबर १९१६ रोजी ते आपल्या दाराशीच गोळी लागून मारले गेले. तेव्हा त्यांच्यामागे एकही अनुयायी ब्रदर नव्हता आणि धर्मांतरे तर जवळजवळ नव्हतीच. 'येशूचे छोटे बंधू' हा संघ १९३३ मध्ये आणि 'येशूच्या छोट्या भगिनी' हा १९३९ मध्ये उभा राहिला. हे त्यांनी पाहिले नाही.

आम्ही ही कथा सविस्तर सांगितली, कारण तिच्यात एक अशी गोष्ट आहे जी मिशनवरच्या आपल्या मुलामुलींना उपयोगी पडेल. त्या नाताळच्या रिकाम्या रात्री फादर चार्ल्स ह्यांनी काही चुकीचे केले म्हणून ती रिकामी नव्हती. आणि ती रात्र भरून निघाली ती त्यांच्या स्वतःच्या प्रयत्नाने नव्हे. दूध दुसऱ्यांनी आणले.

पत्र, फोन आणि डबा

संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनी १५४६ मध्ये आंबोइना बेटावरून लिहिलेल्या पत्रात कळवले आहे, की सोबत्यांनी पत्रांवर स्वहस्ते लिहिलेली नावे कापून घेऊन ती आपण सतत अंगावर बाळगतो. रोमहून गोव्याला पत्र यायला तेव्हा वर्ष लागे, उत्तर मिळेपर्यंत आणखी दीड-दोन. एवढा मोठा संत, पण सह्यांचे कपटे गळ्याशी बांधून फिरतो! लिझ्यूच्या मठातून कधीही बाहेर न पडलेल्या संत तेरेजा ह्यांनी चीनला गेलेल्या एका धर्मगुरूला पत्रे लिहिली आणि त्याच्या प्रांताचा नकाशा कामाच्या खोलीत लावून ठेवला. १९२७ मध्ये पोप पायस अकरावे ह्यांनी त्यांना झेवियर ह्यांच्या जोडीने मिशनकार्याच्या आश्रयदात्या ठरवले, ते उगाच नव्हे.

आता मोबाइल आहे. चेहरा दिसतो, आवाज येतो. हे वरदान आहे आणि त्याला नावे ठेवण्याचे आमच्या मनात नाही. पण काही गोष्टी घरच्यांनी लक्षात घ्याव्यात. नाताळच्या दिवशी धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करता येतात, आणि मिशनमध्ये त्या बहुधा तीन वेगवेगळ्या गावांत होतात. 'मध्यरात्रीची' मिस्सा कुठे संध्याकाळी सातलाच होते, कारण लोकांना अंधारातून डोंगर चढून परत जायचे असते. दुपारी बाराला तुम्ही फोन लावता तेव्हा तो जीपमध्ये तरी असतो, नाहीतर पायवाटेवर. फोन लागला नाही म्हणून रुसू नये. २६ किंवा २७ तारखेला, सगळे आटोपून तो एकटा बसतो तेव्हाचा फोन अधिक मोलाचा असतो.

फोनवर काय बोलावे? ताटात काय काय होते ह्याची यादी वाचून दाखवून शेवटी 'तूच नव्हतास' असे म्हणून रडण्याची आपल्याकडे पद्धत आहे. रडू येते, ते येणारच. पण त्यानंतर एक प्रश्न जरूर विचारावा : तुला आज कोणी जेवू घातले? त्या घरचे नाव विचारावे. पुढच्या वेळी त्या बाईची चौकशी करावी. इथल्या आईने तिथल्या आईला नमस्कार सांगावा, पौलाने रूफसाच्या आईला सांगितला तसा.

आणि मिशनवर असणाऱ्यांना (हे पत्रक काही जणांना पोस्टाने जाते, म्हणून लिहितो) एवढेच सांगणे, की झगा मागायला लाजू नका. करंज्या हव्या असतील तर करंज्या मागा. तिथल्या लोकांनी पुढे केलेले जेवण आपल्या सवयीचे नसेल, तरी ते घ्या, आणि कसे करतात ते विचारा. नाताळच्या रात्री एकटे वाटले तर आपले पाचारणच खोटे, असा निष्कर्ष त्या रात्री तरी काढू नका.

आपल्या अंगणातले पाहुणे

हे सर्व लिहिताना आमच्या मनात सारखे येत होते, की मिशनवर गेलेली माणसे म्हणजे फक्त आपल्यातून गेलेलीच नव्हेत. आपल्या धर्मग्रामात सेवा करणाऱ्या धर्मगुरूंचे घर इथे नाही. शाळेतील आणि दवाखान्यातील धर्मभगिनींपैकी कोणाचे गाव केरळात आहे, कोणाचे झारखंडात, कोणाचे मंगळूरकडे. मध्यरात्रीची मिस्सा संपते, आपण अंगणात अर्धा तास एकमेकांना भेटतो, केकचा तुकडा खातो आणि घरी जातो. दिवे मालवून दरवाजा लावण्याचे काम धर्मगुरूंकडे राहते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर बंगल्यात किती शांतता असते, हे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे?

धर्मगुरूंना जेवायला बोलावणारी घरे आहेत, नाही असे नाही. पण ती दरवर्षी तीच असतात, आणि बोलावणी एकाच दुपारची असतात. मग एका दिवसात चार घरी दोन-दोन घास आणि २६ ते ३१ कोणाचेच बोलावणे नाही, अशी गत होते. धर्मभगिनींना तर पुष्कळदा विचारलेच जात नाही, त्या 'कॉन्व्हेंटमध्ये असतात' म्हणून. वसतिगृहातील ज्या मुली सुट्टीत गावी जाऊ शकत नाहीत, रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या ज्या परिचारिका आपल्या मिस्साला मागच्या बाकावर बसतात, त्यांचाही ह्यात समावेश करावा लागेल.

समूहसभेत पुढील गोष्टींवर बोलावे. आपल्या समूहाच्या हद्दीत नाताळला घरापासून दूर असणारी माणसे कोण कोण आहेत? त्यांतील कोणाला कोणत्या दिवशी कोणते घर बोलावणार? आणि आपल्या समूहातून मिशनवर गेलेल्यांच्या घरी नाताळच्या संध्याकाळी कोण जाऊन बसणार? तिथे जाताना डबा नेला नाही तरी चालेल. त्यांच्याकडे डबे भरलेले असतात, खाणारे माणूस कमी असते. तिथे जाऊन खावे.

समूहप्रमुखांनी नावांची यादी आगमनकाळाच्या चौथ्या रविवारपूर्वी धर्मग्राम कार्यालयात द्यावी, म्हणजे एकाच दिवशी तीन घरांचे बोलावणे होणार नाही. मिशनवरील बंधुभगिनींसाठी लिहिलेली पत्रे चर्चच्या मुख्य दाराजवळ ठेवलेल्या पेटीत टाकावीत. पाकिटावर फक्त नाव लिहावे. पत्ता कार्यालयातून घालण्यात येईल. मुलांनी काढलेली चित्रेही चालतील.